अँटी-रोल बारच्या हिशोबात तीन आठवडे गेले ते एका 'दोन'च्या आकड्यापायी

कॉलेजच्या फॉर्म्युला टाइप गाडीला पुढं अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कमी कलावी म्हणून दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा रॉड, बसवायचा होता; वाळूजच्या शेडमधले लोक त्याला स्टॅबिलायझर रॉड म्हणतात. रॉड आणला, गरम करून वाकवला, बुश (रॉड ज्यात बसतो त्या कड्या) बसवले, सगळं चार दिवसात झालं. हिशोबाच्या शीटवर सही मिळायला मात्र तीन आठवडे लागले आणि त्याचा राग मला अजून आहे. शीट तीनदा परत आलं, तिन्हीदा शेरा एकच, 'टेस्टशी जुळत नाही'. कुठं जुळत नाही ते कुणीच सांगंना.

बार २० मिमीचा भरीव, मधली लांबी ९०० मिमी, आर्म, म्हणजे दोन्हीकडं वळवलेला टोकाचा भाग, २५० मिमी. व्यासाचा चौथा घात गुणिले पाय (π) भागिले ३२, म्हणजे १५,७०८. त्याला स्टीलच्या शिअर मॉड्युलसनं (स्टील पिळायला किती विरोध करतं तो आकडा), ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिमीनं गुणायचं, मग लांबीनं आणि आर्मच्या वर्गानं भागायचं. येतात २२.३ न्यूटन प्रति मिमी, म्हणजे टोक एक मिमी हलवायला लागणारा जोर. पण आमच्याकडं सीनियर दादांकडून आलेल्या शीटमध्ये शेवटी दोननं गुणलेलं होतं, म्हणून ४४.७. टेस्टला आम्ही एक टोक पक्कं बांधलं, दुसऱ्याला २० किलो लटकवले, टोक किती हललं ते मोजायला डायल लावला. शीटप्रमाणं टोक ४.४ मिमी खाली यायला पाहिजे, आलं साडेदहा!

मग सगळे स्टीलच्या मागं लागले. 'माल हलका आहे, चांगलं स्टील आणा' म्हणायले. यात एक आठवडा गेला. अरे, जालन्याची सळई घ्या नाहीतर महागडं स्प्रिंग स्टील घ्या, शिअर मॉड्युलस जवळपास तोच, चांगल्या स्टीलनं बार कायमचा वाकत नाही एवढंच, ताठ होत नाही. ताठ करायचा तर व्यास वाढवा, २० चा २२ केला की ४६ टक्के वाढ.

शेवटी मीच बांधलेलं टोक सोडवलं आणि कप्पी लावून त्या टोकाला २० किलोनं वर ओढलं, दुसऱ्याला २० किलो खालीच. दोन्ही टोकं सव्वापाच-सव्वापाच मिमी हलली. म्हणजे पीळ तेवढाच, पण तो दोन टोकांत वाटला गेला, म्हणून एकेका टोकाला बार दुप्पट ताठ. वळणावर गाडी कलते तेव्हा हेच होतं, एक चाक वर दुसरं खाली. तर दोन बरोबरच होता, पण तो कलण्यासाठीचा, आमची टेस्ट एक टोक बांधून! दोन्ही आकडे खरे, प्रश्न वेगळे, आणि हे एका वाक्यात सांगणारं तीन आठवडे कुणी भेटलं नाही. दोन काढला की सूत्राप्रमाणं ८.८ मिमी येतात, ते आणि साडेदहा यातला उरलेला फरक आर्म वाकण्याचा आणि बुश दबण्याचा, तो सूत्रात नसतो.

हां, आर्म मोजताना तिरका मोजू नका, बारच्या अक्षापासून लिंकच्या (बार चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या दांडीच्या) भोकापर्यंत काटकोनात मोजा. आमच्यातल्या एकानं तिरका २९० धरला होता, उत्तर एकदम २६ टक्क्यांनी कमी. आणि चाकापाशी काय पोचतं ते काढायला मोशन रेशोचा (चाक एक मिमी हललं की बारचं टोक किती हलतं, त्याचा) वर्ग लावा, आमचा ०.६ होता, म्हणजे ४४.७ चे १६.१ च राहतात.

चौथ्यांदा शीट दिलं तेव्हा दोनच्या शेजारी 'दोन्ही टोकं उलट दिशेनं' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कप्पीच्या टेस्टचे आकडे जोडले. सही दहा मिनिटात झाली.