रेसिपींचा मराठी सर्च: कैऱ्या सापडायला लागल्या

नातेवाइकांकडून जमवलेल्या रेसिपींसाठी छोटा सर्च बनवतोय त्याचं अपडेट. डेटाबेस एसक्यूलाइट आणि सर्चला त्यातलंच एफटीएस५, म्हणजे मजकुरातले शब्द शोधून देणारा भाग.

सगळ्यात मोठा गुंता टोकनायझरचा निघाला, म्हणजे मजकुराचे शब्द-शब्द वेगळे करणाऱ्या भागाचा. त्यातला डीफॉल्ट युनिकोड६१ फक्त अक्षरं आणि अंक शब्दात धरतो, आणि काना, वेलांटी, उकार, हलंत हे युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर आणि प्रकार देणाऱ्या यादीच्या) हिशोबात अक्षरं नाहीतच, 'मार्क' आहेत, म्हणजे स्वल्पविरामाला जसा शब्द तुटतो तसा कान्यालाही तुटतो. 'पाणी'चं उरतं प आणि ण, 'पुणे'चंही प आणि ण, मग पाणी शोधलं की पुणेरी मिसळ हजर! टेबल बनवताना टोकनायझरच्या कॅटेगरीजमध्ये, म्हणजे शब्दात धरायच्या चिन्हांच्या प्रकारांत, एमएन आणि एमसी (या मार्कांचेच दोन प्रकार) हेही टाकलं की शब्द अखंड राहतात. कुठल्याही भारतीय भाषेचा सर्च करताय तर आधी हे करा, बाकी सगळं नंतर.

एवढं करूनही काही कैऱ्या सापडेनात. कारण 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो, एक नुक्तावाला ऱ घेऊन आणि दुसरा साधा र, हलंत आणि मध्ये झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण झेडडब्ल्यूजे टोकनायझरला विरामचिन्हासारखाच, तिथेही शब्द तुटतो, आणि एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एक करायची युनिकोडची ठरलेली रीत) हे दोन एक होत नाहीत. म्हणून इंडेक्समध्ये (शोधायच्या शब्दांच्या सूचीत) जायच्या आधीच सगळे एका रूपात आणतो. 'ॲ'चं पण तेच, तोही दोन प्रकारे टाइप होतो. '१/२ वाटी' तुटून १ आणि २ होतं पण '½' मात्र अखंड राहतो, म्हणून दोन्हीच्या जागी 'अर्धी', आणि 1, 2 चे १, २.

क्वेरीत, म्हणजे शोधायला टाकलेल्या शब्दांत, कोणी 'भाजणी-चकली' असं डॅश देऊन टाकलं तर एफटीएस५ सरळ एरर देतं, कारण डॅश त्याच्या क्वेरीच्या व्याकरणात येतो. प्रत्येक शब्द डबल कोटात घालून पाठवला की झालं.

आता खरी मजा, शब्दांची रूपं. एफटीएस५ सोबत येणारा पोर्टर स्टेमर (शब्दाचे प्रत्यय कापून मूळ रूप काढणारा) इंग्रजीसाठी आहे, मराठीला उपयोग शून्य. 'आंब*' (म्हणजे 'आंब'ने सुरू होणारं काहीही) टाकलं तर आंब्याचा मिळतो पण आंबट आणि आंबोळीही येतात, आणि 'दूध*'ला 'दुधात' सापडतच नाही कारण सामान्यरूपात दू चा दु होतो. म्हणून स्वतःचं लिहिलं: ला, ने, चा, च्या, त असे शेपटाचे तुकडे काढायचे, 'पाण्या'पासून पाणी आणि पाणा असे दोन्ही उमेदवार बनवायचे, आणि एफटीएस५व्होकॅबच्या यादीत (इंडेक्समधल्या सगळ्या शब्दांची यादी), म्हणजे आपल्याच रेसिपींमध्ये, जो शब्द खरोखर असेल तोच ठेवायचा. ही तपासणी मला फार आवडली, कारण तिच्यामुळे 'भात'चा त कापला जात नाही, 'भा' नावाचा शब्द कुठल्याच रेसिपीत नाही ना! आणि 'कैऱ्या'ची कैरी होते, 'आंब्या'चा आंबा होतो, वेगळे नियम न लिहिता.

मूळ रूप आणि कापलेलं रूप दोन वेगळ्या कॉलममध्ये ठेवलंय आणि बीएम२५ मध्ये (रिझल्टचा क्रम लावणाऱ्या सूत्रात) मूळ कॉलमला जास्त वजन दिलंय, म्हणजे जसंच्या तसं जुळलं ते वर येतं.

पुढचं काम र्‍हस्व-दीर्घ. पीठ कोणी 'पिठ' लिहितं, दूध 'दुध', तर दुसऱ्या कॉलममध्ये ि-ी आणि ु-ू एकच धरायचा विचार आहे. कोणी मराठीवर हे करून बघितलंय का, नको ते रिझल्ट किती वाढतात?