फोर्ट जॉर्ज : असईचा हत्ती पार स्कॉटलंडात भेटला

दादा अ‍ॅबरडीनला असतो, त्याच्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला एक किल्ला दाखवतो चल. मी म्हणलं किल्ले काय कमी बघितलेत का, आम्ही औरंगाबादचे, देवगिरी खेळत खेळत चढलेली माणसं. तर तो म्हणे हा वेगळाय, इथे अजून लष्कर राहतं. मग थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठं आणि अडीच तास गाडी. नेर्नच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आर्डर्सियर नावाचं छोटं गाव लागतं आणि तिथून जमिनीची एक जीभ समुद्रात घुसलीये, तिच्या टोकावर फोर्ट जॉर्ज.

पहिली गंमत म्हणजे किल्ला दिसतच नाही! आपल्याला सवय मान वर करून बघायची. इथे नुसता गवताचा उतार, त्यामागे दगडाची एक बुटकी रेघ, बास. जवळ गेल्यावर कळतं की तो उतार मुद्दाम तसा केलाय, समोरून येणाऱ्या तोफगोळ्याला भिंत सापडूच नये म्हणून. म्हणजे आपल्या भाषेत भुईकोट, पण तोफांचा जमाना पक्का मुरल्यावर बांधलेला. आधी एक त्रिकोणी सुटी तटबंदी, तिच्यातून आत गेलं की रुंद खंदक, त्यावर लांबलचक लाकडी पूल आणि मग मुख्य दरवाजा, वर राजा दुसऱ्या जॉर्जचं राजचिन्ह. पुलावर वारा एवढा की माझी ओढणी दादाच्या तोंडावर.

हे सगळं कशापायी, तर भीतीपायी. १६ एप्रिल १७४६ ला इथून जवळच कलोडनच्या माळावर जॅकोबाइट बंडवाल्यांचा (हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळावी म्हणून लढणारे) तासाभराच्या आत चुराडा झाला. पण त्याआधी त्यांनी इन्व्हरनेसमधला जुना फोर्ट जॉर्ज घेऊन सुरुंगाने उडवला होता, ते सरकारला फारच झोंबलं. पुन्हा कोणी डोकं वर काढू नये म्हणून १७४८ ला हे काम सुरू केलं ते १७६९ ला संपलं. विल्यम स्किनर नावाच्या लष्करी इंजिनियरचं डिझाइन, बांधकामाचं कंत्राट अ‍ॅडम भावांकडे (त्यातला रॉबर्ट पुढे मोठा नावाजलेला आर्किटेक्ट झाला). अंदाज होता ९२ हजार पौंडांच्या आसपास, खर्च झाला दोन लाखांच्या वर. हे वाचून दादा म्हणाला, "आपल्या पूर्णेच्या पुलासारखंच की!" आणि एवढं करून बंड काही परत झालंच नाही. या किल्ल्यावर आजवर एकदाही हल्ला झालेला नाही. म्हणूनच तो कालच बांधल्यासारखा कोरा करकरीत उभा आहे.

आत शिरलं की किल्ला वाटतच नाही, एखाद्या शिस्तीच्या कॉलेजचं आवार वाटतं. मोकळं मैदान, समोरासमोर तीन मजली दगडी बराकी, खिडक्यांच्या ओळी अगदी पट्टी लावून मारलेल्या. दोन पायदळ पलटणी म्हणजे १६०० माणसं राहतील असा हिशोब. हा सगळा डौल बाहेरून मात्र. त्यांनी १७८० सालची एक खोली तशीच मांडून ठेवलीये ती बघितली आणि माझं तोंडच बंद झालं. एका खोलीत आठ जण, एका पलंगावर दोघं, तिथेच चुलीशी स्वयंपाक, आणि कोणाचं लग्न झालेलं असेल तर कोपऱ्यात एक कांबळं टांगायचं, त्याच्यामागे त्याचा संसार. कांबळं! मी तिथे बराच वेळ त्या कांबळ्याकडेच बघत उभी राहिले, त्या बाईला अंघोळीला कुठे जायचं असेल हाच विचार.

दारूकोठार पण बघण्यासारखं आहे, दारूची २६७२ पिंपं मावतील एवढं, आणि ठिणगी पडू नये म्हणून लोखंड टाळलेलं. तटावर चढून फिरता येतं, बुरुजांवरून मोरे फर्थ नावाची समुद्राची खाडी दिसते, नशीब असेल तर डॉल्फिन, आम्हाला नुसत्या लाटा दिसल्या. तटाच्या आडोशाला पलटणीच्या कुत्र्यांची दफनभूमी आहे, छोटे छोटे दगड, त्यावर नावं. सैनिकाच्या बायकोला कांबळं आणि कुत्र्याला दगडी पाटी, असं माझ्या मनात येऊन गेलं, पण दादाला कुत्री फार आवडतात म्हणून बोलले नाही.

आणि मग म्युझियम. मी खरं तर पाय दुखायला लागले म्हणून बसायला जागा शोधत आत गेले, तर काचेमागे हत्ती. स्कॉटलंडात हत्ती?! वर अक्षरं, ती मी दोनदा वाचली. असई. आपलं, जालना जिल्ह्यातलं असई! माझ्या मामाचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर.

झालं असं की १७९३ ला ७८ वी हायलँडर्स पलटण उभी राहिली आणि तिची पहिली जमवाजमव याच किल्ल्यात झाली. तीच पलटण १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीबरोबर आपल्याकडे. ऑगस्टमध्ये अहमदनगर घेतलं, २३ सप्टेंबरला असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी गाठ. केळणा नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर गावं दिसली तेव्हा वेलस्लीने ओळखलं की मधे नदी पायी ओलांडायची जागा असणारच, आणि तिथून फौज पार केली. ७८ वी केळणेच्या अंगाला होती, दुसरी स्कॉटिश पलटण ७४ वी असई गावाच्या बाजूला, तिचे तर शिंद्यांच्या तोफांनी हाल हाल केले. इंग्रजांकडचे पंधराशेच्या वर मेले-जखमी झाले. जिंकले म्हणून निशाणावर हत्ती आणि असईचं नाव लावायचा मान मिळाला.

दादा म्हणाला, २०१६ ला सरकारने जाहीर केलं की २०३२ पर्यंत लष्कर इथून हलवणार. पुढे काय करतील कोणास ठाऊक.

बाहेर येऊन गाडीत बसल्या बसल्या मामाला व्हिडिओ कॉल लावला. म्हणलं मामा, इथे असईचा हत्ती आहे, तुमच्या शिवारातून आलेला. मामाला आधी ऐकूच येईना, वाऱ्याचा आवाज. मग म्हणाला, "आमच्या बापाला नांगरताना गोळा घावला व्हता, एवढा. लई दिवस दाराला टेकू लावायचा त्याचा. आता कुठंय, तुझ्या मामीला इचार."

मामी म्हणाली भंगारवाल्याला दिला.