जाळरेषेवरचं लाकूड

मेळघाटात थंडी सरत आली आणि डोंगरावरचं गवत पिवळं पडलं की जाळरेषांची कामं निघतात. ठरलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडा कापून साफ करायच्या, कापलेलं गवत आत लोटायचं आणि मधला भाग आपल्या हाताने पेटवून द्यायचा. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, त्याआधी हे उरकायचं. मग एप्रिलमध्ये कुणी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवला, किंवा तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून आग लावली, तर ती निदान या पट्ट्यापाशी अडते. रिकाम्या काळ्या पट्ट्याचे फोटो काढून ‘जंगल जाळलं’ म्हणून फिरवणाऱ्यांनी एकदा एप्रिलच्या दुपारी या डोंगरात उभं राहावं.

माझं काम मातीचं. जाळण्याआधी नमुने, जाळल्यावर नमुने, पावसाळ्यानंतर पुन्हा नमुने. त्यातलं एक काम मला फार आवडतं. अभ्रकाच्या पातळ पट्टीवर वेगवेगळ्या तापमानाला वितळणाऱ्या रंगांचे ठिपके द्यायचे आणि ती पट्टी सुरीने चीर पाडून मातीत उभी सरकवायची, वरची कड नेमकी जमिनीच्या पातळीला. आग गेल्यावर कुठला ठिपका किती खोलीपर्यंत वितळलाय ते पाहायचं. वीज नाही, तार नाही. पण माती किती तापली ते बोटभर पट्टीवर वाचता येतं. आदल्या संध्याकाळी मी उतारभर अशा पट्ट्या लावल्या होत्या. त्यातल्या काही एका पडलेल्या ऐनाच्या झाडाच्या खोडालगत होत्या.

ते खोड पट्ट्याच्या मधोमध आडवं होतं. आतून पोकळ, वाळवीने खाल्लेलं, पण बाहेरून चांगलं जाडजूड. आमच्याबरोबर आगीवर नजर ठेवणारे एक वयस्क कोरकू फायर वॉचर होते, त्यांना सगळे दादाजी म्हणतात. ते खोडाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “मॅडम, हे आधी बाहेर काढा. गवत जळून मोकळं होते. हे नाही सोडत.” खोड हलवायला माणसं हवी होती आणि माणसं कमी आली होती. मागच्या हंगामाची मजुरी अडकलेली. कुठल्या टेबलावर, ते कुणी सांगत नव्हतं. गेल्या वर्षीचे पैसे मिळाले नसताना लोकांनी यंदा डोंगर चढून यावं ही अपेक्षा मला आजही निर्लज्जपणाची वाटते. वनरक्षकाकडे तारीख होती, मजूर नव्हते. खोड तिथेच राहिलं.

पेटवलं सकाळीच, दव पुरतं सुकायच्या आत आणि वरच्या कडेकडून. उतारावर खालून आग लावली तर ज्वाळा वरच्या गवतावर झुकतात, त्याला आधीच सुकवतात आणि आग धावत सुटते. वरून लावली की ती पाय रोवत, हळूहळू खाली उतरते. तशी आग एका जागी जरा जास्त रेंगाळते, पण ज्वाळा गुडघ्याच्या वर जात नाहीत आणि उभ्या सागाच्या सालीपलीकडे काही बिघडत नाही. दादाजी हातातल्या हिरव्या डहाळीने कडेच्या ठिणग्या मारत चालले होते. दुपारपर्यंत पट्टा काळा झाला होता. खोड मात्र ज्वाळेशिवाय, आतल्या आत धुमसत होतं. ते रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही धुमसत राहिलं.

निखारे विझल्यावर मी अभ्रकाच्या पट्ट्या उपसल्या. गवताखालच्या पट्ट्यांवर फक्त वरच्या कडेचे ठिपके वितळले होते. दोन बोटं खाली, ८० अंशांच्या आसपास वितळणारा सर्वांत नाजूक रंगही जसाच्या तसा होता. माती उष्णता सहज आत घेत नाही आणि गवताची आग मिनिटा-दोन मिनिटांत पुढे जाते. तिथे उकरलं तर कुसळी गवताचं बी सापडलं. आपल्या पिळदार शेपटीने दमट-कोरड्या हवेत गिरमिटासारखं फिरत ते मातीत शिरून बसलेलं होतं, शाबूत. सागाच्या रोपांचे शेंडे करपले होते, मुळं जिवंत होती. पावसाचा थेंब नसताना काही दिवसांतच तिथे हिरवे कोंब आले आणि चितळं उतरायला लागली.

खोडालगतच्या पट्ट्यांवर एकही ठिपका शिल्लक नव्हता. माती विटकरी लाल झाली होती, चिमटीत धरली की पीठ होत होती. वनस्पतीच्या पेशी ६० अंशांच्या आसपास मरतात. इथे शेकडो अंश, तेही तासन्‌तास. मूळ, बी, बुरशी, गांडूळ, काही नाही. मी ड्रॉपरने पाण्याचे थेंब टाकून पाहिले. लाल भागाच्या मधोमध थेंब चटकन आत गेला. कडेच्या काळपट वलयावर मात्र तो तसाच बसून राहिला, मग उताराने घरंगळला. जळणाऱ्या पाल्याची मेणचट वाफ मध्यम तापलेल्या मातीत जाऊन गोठते आणि मातीला पाणी नकोसं करते. फार तापलेल्या जागी तो थरही जळून जातो. एका हाताच्या अंतरात मातीचे तीन स्वभाव झाले होते.

‘राख म्हणजे खत’ हे वाक्य मी बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता ते अर्धवट राहू द्यायची माझी तयारी नाही. राखेत कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम असतं, मातीची आम्लता कमी होते, जाळल्यानंतर काही दिवस अमोनियम वाढतं आणि कोंब तरारतात, हे खरं. पण नत्र २०० अंशांपासून उडायला लागतं आणि ५०० च्या पुढे पाल्यातलं निम्म्याहून जास्त धुरात जातं. कॅल्शियमला उडायला १४०० अंशांहून जास्त लागतात, म्हणून ते राखेत उरतं. जे उरलं ते दिसतं, जे गेलं ते दिसत नाही. आणि हा डोंगराचा उतार आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत नाल्याला करडं पाणी आलं, त्यात आमचं ‘खत’ होतं. शेजारच्या न जाळलेल्या पट्ट्यात सागाच्या पानांचा थर होता, तिथलं पाणी बरंच नितळ वाहत होतं.

अहवालाच्या वेळी खरा वाद झाला. प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांच्या तक्त्यात जाळलेल्या पट्ट्यासाठी एकच रकाना होता: सरासरी. सरासरी काढली तर सगळं छान दिसत होतं, कारण खोडाची जागा एकूण पट्ट्यात अगदीच थोडी. खोडालगतचे नमुने ‘अपवाद’ म्हणून वगळा, असंही सुचवलं गेलं. मी ते वगळले नाहीत. त्या डागावर पहिल्या पावसाळ्यात गवताचं एक पातं उगवलं नाही; कडेने तेवढं तरोट्याचं तण माजलं, कारण त्याच्या कडक कवचाच्या बियांना ताप मानवतो. असे डाग दरवर्षी प्रत्येक जाळरेषेवर पडत असतील तर तो अपवाद कसला?

जाळरेषा बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्याच पट्ट्यातून दरवर्षी नत्र उडतं, दरवर्षी राख वाहून जाते, आणि आपण हिशेब एका हंगामाचा मांडतो. पट्टे आलटून पालटून घेता येतील का, त्यासाठी कडा किती रुंद लागतील, हे वनरक्षकाशी बोलून मी कागदावर मांडलंय. सोबत एक साधी मागणी जोडली आहे: पेटवण्याआधी आडवी खोडं बाहेर ओढायला स्वतंत्र मजुरी धरा, आणि ती त्याच महिन्यात द्या. रोटेशनवर चर्चा झाली. मजुरीच्या मुद्द्यावर ‘पुढच्या आराखड्यात पाहू’ असं उत्तर आलं. पुढचा आराखडा डिसेंबरच्या आत मंजूर व्हायला हवा. मी दर आठवड्याला विचारते आहे.