झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप झोपला असं आता राहिलेलं नाही

लॅपटॉपचं स्लीप सगळे रोज वापरतात पण आत काय होतं ते कुणी सांगत नाही, आणि त्यात मधल्या काळात एक मोठा बदल झालाय जो माझ्या मते प्रत्येक लॅपटॉपवाल्याला माहिती असायला हवा.

आधी जुनी व्यवस्था. १९९६ च्या डिसेंबरमधे इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचं, मशीनची वीज कशी सांभाळायची ते ठरवणारं स्टँडर्ड आणलं. त्याआधी एपीएम नावाचं स्टँडर्ड होतं, त्यात वीज वाचवायचं बरंचसं काम बायोसच (मदरबोर्डवरच्या चिपमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) परस्पर करायचा. एसीपीआयने हा कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिला आणि एस० ते एस५ अशा पायऱ्या ठरवल्या. एस० म्हणजे मशीन चालू, एस५ म्हणजे शटडाऊन, एस१ आणि एस२ सोडून द्या, कामाचे ते एस३ आणि एस४.

एस३ म्हणजे आपलं नेहमीचं जुनं स्लीप. प्रोसेसर बंद, डिस्क बंद, पंखा बंद, फक्त रॅमला जराशी वीज चालू. ती का लागते तर रॅममधला एकेक बिट बारीकशा कपॅसिटरमधे चार्ज म्हणून साठवलेला असतो आणि तो चार्ज सतत गळत असतो, त्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळं वाचून पुन्हा भरावं लागतं, नाहीतर उघडलेलं सगळं काम गेलंच. झोपेत हे काम रॅमची चिप स्वतःच करत बसते, प्रोसेसरला त्यासाठी उठवावं लागत नाही, आणि मला हे डिझाइन खरंच फार सुंदर वाटतं. एस४ म्हणजे हायबरनेट, त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून वीज बंद करतात. उठायला जरा जास्त वेळ लागतो पण बॅटरी पार संपली तरी काम जसंच्या तसं राहतं.

आता बदल. २०१२ मधे विंडोज ८ बरोबर कनेक्टेड स्टँडबाय आलं, विंडोज १० मधे ते वाढवून मॉडर्न स्टँडबाय झालं. यात मशीन खरं तर एस० मधेच असतं, म्हणजे चालूच, फक्त स्क्रीन बंद आणि प्रोसेसरची चिप शक्य तितक्या खोल आयडल स्टेटमधे, म्हणजे जवळपास काहीच न करता पडलेली. फोनसारखं झटक्यात उठतं, मधेमधे मेल वगैरे पण आणू शकतं. सगळं नीट जमलं तर खरंच छान चालतं. पण ते जमण्यासाठी प्रत्येक डिव्हाइस आणि त्याचा ड्रायव्हर (ते डिव्हाइस चालवणारा छोटा प्रोग्रॅम) शांत बसायला हवं, एकानेही खुडबुड चालू ठेवली की चिप खोलवर जातच नाही, आणि मग बंद बॅगेत लॅपटॉप तापतो, सकाळी बॅटरी निम्मी. यात माझा खरा आक्षेप हा की अशा बऱ्याच लॅपटॉपमधे फर्मवेअरमधूनच, म्हणजे बायोससारख्या मशीनमधेच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधून, एस३ काढून टाकलेलं असतं, म्हणजे तुम्हाला जुनं स्लीप हवं असलं तरी कुठल्याही सेटिंगमधे मिळत नाही. दोन्ही ठेवा ना, ज्याला जे हवं ते तो निवडेल!

तुमच्याकडे काय आहे ते बघायचं असेल तर विंडोजमधे पॉवरसीएफजी कमांड आहे, तिला स्लॅश ए दिलं (powercfg /a) की मशीनला कुठल्या स्टेट जमतात ती यादी येते. मॉडर्न स्टँडबाय असेल तर स्लॅश स्लीपस्टडी (powercfg /sleepstudy) देऊन बघा, झोपेत कोण जागं होतं आणि बॅटरी कोणी खाल्ली त्याचा पूर्ण रिपोर्ट मिळतो. लिनक्समधे /sys/power/mem_sleep ही फाइल बघा, तिच्यात ‘डीप’ (deep) दिसलं तर एस३ आहे, नुसतं ‘एस२आयडल’ (s2idle) असेल तर नाही.

बॅगेत टाकायचा असेल तर मी तरी हायबरनेटच सांगेन, झाकण लावल्यावर हायबरनेट हो अशी सेटिंग करता येते, आणि एसएसडी असेल तर उठायला लागणारा वेळ फारसा जाणवतही नाही.

अजून एक, शटडाऊनबद्दल. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे, ते चालू असेल तर शटडाऊन केल्यावर तुमची ॲप्स बंद होतात पण कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, मात्र हायबरनेटसारखा डिस्कवर लिहून ठेवला जातो. म्हणून रोज बंद करूनही टास्क मॅनेजरमधे अपटाइम, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे तो आकडा, कित्येक दिवसांचा दिसतो. ड्रायव्हरने काही घोळ घातला असेल तर शटडाऊन करून उपयोग होईलच असं नाही, रीस्टार्ट करा, त्यात कर्नल नव्याने लोड होतो, किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा.