प्रवासात मी जिरावण का नेत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या भिशीची सहल ठरली की हा प्रश्न येतोच. "जन्म इंदुरात गेला, रामबागेत राहता, आणि पिशवीत ना शेव ना जिरावण?" जिरावण म्हणजे आमचा इंदुरी मसाला, पदार्थावर वरून भुरभुरायचा. काहींनी परस्पर ठरवून टाकलंय की डॉक्टरांनी बंद केलं असेल. काहींच्या मते एकदा पहाडात जाऊन आले आणि तेव्हापासून मला इंदूरचं काही गोड लागत नाही. दोन्ही खोटं. आज सकाळीच पोह्यांवर जिरावण घातलं, चिमटीनं, दोनदा. मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याच्या बॅगेत सगळ्यात वर मी तीच पुडी ठेवली होती. नाराजी जिरावणावर नाही.

२०१८चा ऑक्टोबर होता. आम्ही अकरा जणी. दिल्लीहून रात्रीच्या गाडीनं उत्तराखंडात काठगोदाम, तिथून अल्मोडा, आणि दुसऱ्या दिवशी जागेश्वर. देवदारांच्या सावलीतली ती शंभराहून जास्त लहानमोठी देवळं पाहायची होती. ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातलं 'नागेशं दारुकावने' म्हणजे हेच की आपलं औंढा नागनाथ, यावर गाडीत वादही झाला. तो सोडून देते.

वाटेत एका वळणावर लहानसं गाव लागलं. पाचसहा घरं, रस्त्याकडेला एक दुकान. दोन बाकं, मातीची चूल, तिच्यावर लोखंडी कढई. दुकानातली बाई चाळिशीची असेल. उकडून सोललेल्या बटाट्याच्या मोठ्या फोडी ती मोहरीच्या तेलात परतत होती. हळद, धने, आणि वर अख्ख्या तळलेल्या लाल मिरच्या. आलू के गुटके. बाजूला भांगेच्या भाजलेल्या बियांची चटणी वाटून ठेवलेली. तिच्यावरून आमच्यात कुजबुज झाली तेव्हा ती म्हणाली, "बीज में नशा नहीं होता, दीदी." झाकलेल्या पातेल्यात आणखी काहीतरी होतं.

तिनं एकेकीच्या हातात बशी दिली. वाफ निघत होती, हात गारठले होते. आणि मी उठले. पिशवीतून रतलामी शेवेचं पाकीट काढलं, जिरावणाची पुडी सोडली आणि बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांच्या बशांवर पसरत गेले. कुणी घास घेतला नव्हता. मीही नाही. मला वाटत होतं मी सगळ्यांचं करतेय. लग्नात पंगतीत वाढताना बरं वाटतं ना, तसं वाटत होतं. परत जागेवर आले तर ती बाई झारा हातात तसाच धरून बघत होती.

"नमक कम था क्या?" तिनं विचारलं.

रागानं नाही. खरंच विचारलं. मग कढईतली एक फोड काढून स्वतः चाखली. माझ्याकडून चिमूटभर जिरावण तळहातावर मागून घेतलं, जिभेला लावलं, "अच्छा है" म्हणाली, आणि पातेल्यावरचं झाकण, जे ती उघडणार होती, ते घट्ट बसवलं.

मी बशी खाल्ली. कडेच्या एका फोडीवर जिरावण पडलं नव्हतं. तेवढ्या एका फोडीला धुराचा वास होता, मोहरीच्या तेलाची कडसर चव होती, आणि बटाटा स्वतःच गोडसर होता. बाकी सगळी बशी इंदूर. आमचूर, काळं मीठ, बडीशेप, हिंग. जिरावण ज्यावर पडतं ते जिरावणाचंच होतं. घरी म्हणूनच तर ते आवडतं.

पातेल्यात काय आहे ते मी शेवटी विचारलं. काकडीचं रायतं होतं. पहाडातली जाड, पिवळी पडलेली काकडी किसून पिळलेली, दही, हळद, आणि पाट्यावर वाटलेली मोहरी. पहिल्या घासाला ती नाकातून थेट डोक्यात गेली. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच मोहरीचं नव्हतं. आई काकडीच्या कोशिंबिरीला मोहरी फेसायची, थेंब थेंब पाणी घालत. फोडणीत तडतडली की मोहरीचा हा गुण जातो. कच्ची, पाण्याबरोबर वाटली तरच ती अशी चढते. आई गेल्यावर आमच्या घरी कुणी मोहरी फेसली नाही. मीही नाही, मिक्सर आहे, फोडणी आहे, वेळ नाही. मी इतकी वर्षं जे खाल्लं नव्हतं ते त्या झाकणाखाली होतं, आणि माझ्या पुडीमुळे ते मला मिळता मिळता राहिलं असतं.

पैसे देताना तिनं रायत्याचे लावले नाहीत. मी दोनदा म्हटलं. ती म्हणाली, "आपने तो चखा भर है."

हे सांगितलं की मैत्रिणी म्हणतात, अगं ती दहा मिनिटांत विसरली असेल, तूच धरून बसलीस. असेल. पण एक सांगते. पुण्याच्या माझ्या चुलत नणंदेला मी एकदा हौसेनं सराफ्यात नेलं होतं. रात्री दहाला, दागिन्यांची दुकानं मिटून खाण्याच्या गाड्या लागल्यावर. भुट्ट्याच्या किसाचा पहिला चमचा तोंडात जायच्या आधी त्या म्हणाल्या, "यात ओलं खोबरं आणि थोडी साखर हवी होती." तीन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. तो कीस मी केलेला नव्हता, गाडीही माझी नव्हती, तरीसुद्धा. आणि त्या निदान बोलल्याच होत्या. मी तर घातलं.

उलट बाजूही मला दिसते. बाबांना बाहेरचं अन्न सोसायचं नाही, तेव्हा स्टेशनवरच्या पांचट भाजीवर हीच पुडी कामाला यायची. तिच्याशिवाय ते जेवले नसते. मग तेव्हा ते चूक होतं का? नाही वाटत. आधी चाखून मग घातलं असतं तर चाललं असतं का? कदाचित. पण माझा हात मला ठाऊक आहे. पुडी पिशवीत असली की तो आधी तिच्याकडे जातो. म्हणून पुडीच नेत नाही.

घरी मात्र मोहरी फेसून पाहिली, तीनदा. दोनदा कडू झाली. तिसऱ्यांदा नाकात गेली, पण आईसारखी नाही, त्या बाईसारखीही नाही.

परवा पुढच्या सहलीची यादी झाली. पुन्हा पहाडच आहे. माझ्या नावापुढे चकल्या लिहिल्यात, जिरावण शेजारच्या वहिनींकडे. त्यांना हे सगळं सांगावं असं फार मनात होतं. त्या पाव किलोची पुडी बांधून घेत होत्या, इतक्या आनंदात, की मी गप्प राहिले.