पहाटे पाचचं गाणं

१६ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. मी पेपरच्या रविवार पुरवणीला आहे. त्या दिवशी निवांत अमेरिकन गायक जॉनी कॅशवरची कॉपी घेऊन बसलेलो, २६ला त्याचा वाढदिवस म्हणून. विषय त्याचा फोल्समचा अल्बम, १३ जानेवारी १९६८ला कॅलिफोर्नियातल्या त्या जेलमध्ये कैद्यांसमोर दोन शो करून रेकॉर्ड केलेला. लोकांना वाटतं हा बाबा स्वतः शिक्षा भोगून आलेला, तसलं काही नाही, अधूनमधून एखादी रात्र कोठडीत काढलेली तेवढीच. आणि गाण्यातल्या रेनोत माणूस मारल्याच्या ओळीवर जो जल्लोष ऐकू येतो ना, तो नंतर स्टुडिओत घुसवलेला! खरे कैदी गप्प होते, पहारेकरी बघतायत म्हटल्यावर कोण ओरडणार. मला शेवटचा परिच्छेद जास्त आवडलेला, तिथल्याच ग्लेन शर्ली नावाच्या कैद्याचं गाणं कॅशनं आदल्या रात्री बसवलं आणि शर्ली समोर बसलेला असताना म्हटलं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास फ्लॅश आला, पुतिनचा तुरुंगातला विरोधक नवाल्नी गेला. परदेश बातम्यावाला नेमका सुट्टीवर, मग मलाच ओढलं. वय ४७, आर्क्टिक वर्तुळापलीकडचं खार्प, तुरुंग खातं म्हणतंय फिरून आल्यावर बरं वाटेना आणि शुद्ध हरपली, बस. फोटो शोधायला गेलो तर आदल्या दिवशीचा कोर्टाचा व्हिडिओ, त्यात हा हसतोय, जज्जलाच म्हणतोय माझे पैसे संपत आलेत, तुमच्या पगारातले पाठवा. याला फोटोओळ काय देणार?

जुनं काही आहे का बघताना जानेवारीतली चौकट सापडली, मीच केलेली. खार्पमध्ये रोज पहाटे पाचला उठवतात, आधी राष्ट्रगीत लावतात आणि लगेच शामान नावाच्या पुतिनप्रेमी गायकाचं 'मी रशियन'. तसं नवाल्नीनंच ते तुरुंगातून चेष्टेत लिहिलेलं, पण मी ते सरळ गमतीच्या कॉलममध्ये टाकून हेडिंग ठोकलेलं, 'गजरही देशभक्तीचा!'

साहेब म्हणाले चांगलंय, हेच पुन्हा घे. मजकुरात एक शब्द बदलावा लागला नाही, हेडिंगला मात्र पाऊण तास गेला आणि शेवटी जे सुचलं तेच वर दिलंय.

फोल्सम पुढच्या रविवारी लागलं. जाहिरात आली, शर्लीचा परिच्छेद उडाला.