परवाना आहे, असं सांगितलं होतं

आमच्या घरामागच्या काजूच्या भाटात, म्हणजे बागायतीत, गेल्या उन्हाळ्यात दर रविवारी कोंबड्यांच्या झुंजी लागू लागल्या. पायाला पातं बांधलेला कोंबडा किती लवकर खाली बसतो, ते मी कुंपणाआडून पाहिलं. आई रोज सकाळी कोंबड्यांना कण्या घालणारी. तिला तो कालवा ऐकवेना, मागची खिडकी लावून बसायची.

मी विचारायला गेले. झुंज भरवणारा शांतपणे म्हणाला, "बाय, पंचायतीचा परवाना आहे." गावात सगळ्यांनी ते खरंच मानलं होतं. कॅसिनोला परवाना मिळतो, तर याला का नाही मिळणार, असं एकाने मला ऐकवलंही. पण कॅसिनोसाठी गोव्याच्या जुगार कायद्यात मुद्दाम कलम घालावं लागलं. झुंजीसाठी तसं काही नाही. धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६ मध्येच बंद केल्या आहेत.

तोंडी वाद घालण्यापेक्षा मी माहिती अधिकारात अर्ज केला, १० रुपये भरून. प्रश्न एकच ठेवला: या जागेत झुंज भरवायला दिलेल्या परवान्याची प्रत द्या. "कारवाई का केली नाही" असलं काही विचारू नका. माहिती अधिकारात कागद मागायचा असतो, खुलासा नाही. ३० दिवस गेले, उत्तर नाही. मग गटविकास अधिकाऱ्यांकडे पहिलं अपील केलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी पत्र आलं: असा परवाना दिलेला नाही, फक्त मंडपाला ना-हरकत दिली आहे.

ते पत्र घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. खरी अडचण तिथे आली. हवालदार म्हणाले, प्राण्यांना झुंजवणं हा अदखलपात्र गुन्हा, आम्ही थेट काही करू शकत नाही. ते पूर्ण चुकीचं नव्हतं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या कलम ११ मध्ये दोन वेगळी पोटकलमं आहेत. प्राण्याला झुंजीला उचकवणं 'एम'मध्ये येतं. झुंजीसाठी जागा चालवणं, जागा देणं, आत सोडायला पैसे घेणं, हे 'एन'मध्ये. आणि कलम ३१ प्रमाणे 'एन' दखलपात्र आहे, म्हणजे त्यात पोलीस थेट कारवाई करू शकतात. मी तक्रार तिथेच बसून पुन्हा लिहिली. कोंबड्यांबद्दल एक ओळ, बाकी सगळं जागेबद्दल: भाट कुणाचं, दारावर पैसे कोण घेतो, मंडप कुठल्या तारखेला उभा राहिला. ठाणे अंमलदारांनी दोनदा वाचली आणि घेतली.

पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. कमीत कमी दंड म्हणजे माझ्या अर्जाला लागले तेवढेच पैसे. हा आकडा कित्येक दशकं तसाच आहे, आणि तो बदलायलाच हवा.

पुढच्या रविवारी पोलीस आले. पंचनाम्याला पंच म्हणून उभं राहायला शेजारचं कुणी तयार होईना. शेवटी पोस्टातून निवृत्त झालेले एक काका पुढे आले, आणि दुसरी सही बेकरीवाल्याने केली. जिवंत कोंबडे सहा, मेलेले दोन. सरकारी पशुवैद्यांनी एकाची मांडी तिथेच टाके घालून शिवली, मी त्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं.

मंडप संध्याकाळी उतरला. आईने मागची खिडकी उघडली.